वाकड्या लाडवांची सुट्टी

डिसेंबर संपत आला की शाळांना ख्रिसमसची सुट्टी लागते, पाळणाघरं बंद होतात आणि आपल्या ऑफिसात नेमका 'इयर एंड' सुरू होतो. मग मुलांचं करायचं काय? एक परात, एक काटा आणि खराखुरा मोकळा असा तासभर वेळ... बस्स, एवढंच लागतं!

"आई, तू आज घरी आहेस की 'घरी' आहेस?"

हा प्रश्न माझ्या सात वर्षांच्या लेकीचा. दुसऱ्या 'घरी'च्या वेळी ती दोन्ही हातांची दोन-दोन बोटं हवेत नाचवते. पहिलं घरी म्हणजे खरंखुरं घरी. दुसरं 'घरी' म्हणजे डायनिंग टेबलवर लॅपटॉप, कानात हेडफोन आणि ओठांवर बोट. हा फरक तिला कुणी शिकवला नाही. बघून बघूनच शिकली.

गेल्या डिसेंबरात तिच्या शाळेला नेहमीप्रमाणे ख्रिसमसची सुट्टी लागली. पाळणाघरवाल्या काकू चार दिवस गावाला गेल्या. (त्यांनाही सुट्टी हवीच की!) इकडे ऑफिसात वर्ष संपायच्या आत संपवायच्या कामांचा ढीग. नवऱ्याने दोन दिवस रजा टाकली, मी दोन दिवस 'घरी' घेतलं आणि उरलेल्या दिवसांचं पुढचं पुढे बघू म्हटलं. आजी-आजोबा नाशिकला. म्हणजे तुमच्या-आमच्या बहुतेक घरांत चालतं तेच सगळं.

पहिल्या दिवशी कार्टून. दुसऱ्या दिवशी टॅब. दुपारी चारला कॉल संपवून मी बघितलं, तर बाईसाहेब सोफ्यावर उलट्या लटकून कुणा परदेशी मुलीचा केक सजवायचा व्हिडिओ बघत होत्या. तोच, तिसऱ्यांदा.

"आपण कधी करायचं असं?" तिने विचारलं.

मी नेहमीचं उत्तर दिलं, "रविवारी."

"कुठल्या?"

आता बोला!

हात हवेत!

आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक आँटी राहतात. मूळच्या गोव्याच्या, म्हापशाकडच्या. दर नाताळला त्यांच्याकडून सगळ्या मजल्यांवर क्रोशाच्या रुमालाने झाकलेलं ताट येतं. नाताळच्या या फराळाला कोकणी ख्रिस्ती घरांमधून कुसवार म्हणतात. त्यात आपल्या करंजीची सख्खी बहीण शोभेल अशी नेवरी असते, गूळ आणि नारळाच्या दुधात तासन्‌तास ढवळलेला दोदोल असतो आणि मूठभर कुलकुल असतात. शिंपल्यासारखे दिसणारे, शंकरपाळ्याच्या चवीचे छोटे छोटे कुरकुरीत वेटोळे. आमच्याकडे ताट आलं की सगळ्यात आधी तेच संपतात.

त्या संध्याकाळी आँटींचा फोन आला. "बाय, तुझी पोर घरात बसलीय ना? दे पाठवून वर. कुलकुल वळायला हात हवेत."

हात हवेत! मला हे वाक्य फार आवडलं. 'तिला घेऊन ये, तिचा वेळ जाईल' असं नाही. 'तिला काहीतरी ॲक्टिव्हिटी देते' असंही नाही. काम आहे आणि त्याला हात कमी पडताहेत, म्हणून बोलावणं. लेक उड्या मारतच निघाली. मीही लॅपटॉप मिटला आणि तिच्यामागे गेले.

वर गेलो तर हॉलमध्ये चादर अंथरलेली, मध्ये परात, परातीत ओल्या फडक्याखाली पिठाचा गोळा. आँटींचा नातू, बिल्डिंगमधली आणखी दोन मुलं, प्रत्येकाच्या हातात एकेक काटा. गोळीएवढं पीठ घ्यायचं, तुपाचं बोट लावलेल्या काट्याच्या पाठीवर दाबून पसरायचं आणि हलकेच गुंडाळत काढायचं. काट्याच्या दातांच्या रेघा उमटतात आणि शिंपला तयार. काटा नसेल तर याच कामासाठी ठेवलेला नवाकोरा कंगवाही चालतो, ही आँटींची टिप.

मुलांनी जे केलं ते शिंपल्यासारखं होतं असं मी शपथेवर सांगणार नाही. एकाचे पेन्सिलएवढे लांब, एकाचे चपटे. माझ्या लेकीने तर एक सापच केला. पण तासाभरात दोन ताटं भरली. अधूनमधून पिठाची मारामारी. आणि मुख्य म्हणजे, तासभर कुणीही 'बोअर होतंय' म्हटलं नाही.

आणि मग मी घोळ घातला...

मुलं पाणी प्यायला आत गेली आणि माझ्यातली क्वालिटी कंट्रोल मॅनेजर जागी झाली. आँटींचं ताट बिल्डिंगभर जाणार, त्यात हे असले वेडेवाकडे नमुने? मी पटापट आठ-दहा उचलले, मोडले आणि पुन्हा छान वळून ठेवले. सापाचाही व्यवस्थित शिंपला केला. मनात म्हटलं, मदतच केली की!

लेक परत आली. ताटाशी बसली. एकेक कुलकुल बोटाने बाजूला करत काहीतरी शोधायला लागली.

"माझे कुठेत?"

"सगळे इथेच आहेत गं, पिल्लू."

"माझा साप नाहीये."

मी म्हटलं, "मी त्याला नीट केलं." ती काही बोलली नाही. रडलीही नाही. काटा खाली ठेवला आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिली. नंतर कितीही बोलावलं तरी पुन्हा ताटाशी बसली नाही.

आँटी कढईत तेल ओतत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "कशाला सरळ केलेस गो? वाकड्यात साखर जास्त बसते."

त्या रात्री मला माझीच एक मीटिंग आठवली. मी रात्र जागून केलेलं प्रेझेंटेशन वरच्या साहेबांनी मला न विचारता बदललं होतं. स्लाइड्स माझ्यापेक्षा चकाचक झाल्या होत्या, हे मान्य. पण त्यानंतर त्या कामात माझं मन काही लागलं नाही. मी जे ऑफिसात सोसलं होतं, तेच सात वर्षांच्या मुलीशी केलं होतं. आणि वर तिला 'नीट केलं' असंही सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला सॉरी म्हटलं. "पुढच्या वेळी मी हात लावणार नाही," असं कबूल केलं. "पुढची वेळ कधी?" या प्रश्नाला मात्र या वेळी 'रविवारी' असं मोघम उत्तर दिलं नाही. कॅलेंडर काढलं आणि संक्रांतीच्या आधीच्या रविवारवर तिच्याच हाताने गोल करून घेतला.

फंडा एकदम सोपा

नाताळ ते संक्रांत हे तीनेक आठवडे मुलांबरोबर खाऊ करायला बेस्ट. नुसत्या गुलाबी थंडीसाठी म्हणत नाहीये मी. थंडीतला आपला बराचसा खाऊ मुळातच कमी खटपटीचा आहे. तीळ, गूळ, खजूर, दाणे, खोबरं... यातलं बरंचसं नुसतं भाजून, कुटून, वळून होतं. उसाचा गळीत हंगाम सुरू असल्याने नवा गूळ बाजारात आलेला असतो. तीळ आणि दाण्यांमध्ये इतकं तेल असतं की लाडू वळायला वेगळं तूपही फारसं लागत नाही.

फक्त दोन-तीन गोष्टी आधी ठरवून टाका.

पहिली गोष्ट, मुलांना काम खरं द्या. 'तू ही पिठाची चिमणी घेऊन खेळ, मी तोवर लाडू करते' हे मुलं दोन मिनिटांत ओळखतात. वळायचं काम त्यांचं म्हणजे त्यांचंच. कमी-जास्त झालं तरी हात लावायचा नाही. (मी शिकलेय, तुम्हीही शिका!)

दुसरी गोष्ट, एका वेळी एकच पदार्थ. आपण एक्साइट होऊन चार रेसिपींचं सामान आणतो आणि दुसऱ्या पदार्थालाच मुलंही कंटाळतात, आपणही चिडतो. तासाभरात संपेल एवढाच घाट घाला.

तिसरी गोष्ट, पूर्वतयारी आदल्या रात्री. भाजणं, सोलणं, किसणं ही कामं मुलं झोपल्यावर उरकून टाका. मुलांचा मूड असतो तेव्हा दाणे भाजायला घेतले, तर दाणे गार होईपर्यंत मूड पळालेला असतो.

आणि फोन? तो दुसऱ्या खोलीत. फोटो शेवटी एकच काढा. मध्ये मध्ये 'इकडे बघ, स्माइल' केलं की खाऊ राहतो बाजूला आणि शूटिंगच सुरू होतं.

लग्न नाही, मुलं नाहीत म्हणून पान उलटायच्या बेतात असाल तर थांबा! भाचे कंपनी आहे, शेजारची पिल्लावळ आहे. एका रविवारी दोन तास भाच्याला सांभाळून बघा. ताई किंवा वहिनी जन्मभर दुवा देईल.

पदार्थ पहिला : खजुराचा रोल
(अजिबात अनुभव नसलेल्यांसाठी)

साहित्य : बिनबियांचा मऊ खजूर पाव किलो, बदाम-काजू-अक्रोडाचे बारीक तुकडे मिळून १ वाटी, तूप १ चमचा, घोळवायला खसखस किंवा सुक्या खोबऱ्याचा कीस.

खजूर हाताने उकलून बघा, एखादी बी राहिलेली असते. हे काम मुलांना द्या, बी सापडली की त्यांना खजिना सापडल्यासारखं होतं. तुकडे कढईत दोन मिनिटं परतून बाजूला काढा. त्याच कढईत तूप घालून खजूर मंद आचेवर तीन-चार मिनिटं परता आणि चमच्याने दाबत राहा, म्हणजे त्याचा गोळा होतो. गॅस बंद करून तुकडे मिसळा. हाताला सोसवेल इतकं कोमट झालं की पुढचं सगळं मुलांच्या ताब्यात. गोळ्याचे दोन भाग करायचे, लाटण्यासारखे लांबट वळायचे आणि ताटात पसरलेल्या खसखशीवरून गडगडत न्यायचे. तासभर फ्रीजमध्ये ठेवून मग तुम्ही चकत्या कापा.

साखर नाही, पाक नाही, बिघडण्यासारखं काही नाही. पहिल्याच प्रयत्नात जमतो, त्यामुळे आईबाबांचाही कॉन्फिडन्स वाढतो!

पदार्थ दुसरा : कुलकुल
(चार मुलं जमणार असतील तर)

साहित्य : मैदा २ कप, बारीक रवा २ टेबलस्पून, पिठीसाखर पाव कप, पातळ केलेलं गरम तूप २ टेबलस्पून, चिमूटभर मीठ, नारळाचं दूध साधारण अर्धा कप, तळायला तेल, वरून भुरभुरायला आणखी पिठीसाखर.

मैदा, रवा, साखर, मीठ एकत्र करून त्यावर गरम तुपाचं मोहन घाला. जरा निवलं की हाताने चोळून घ्या. आता नारळाचं दूध थोडं थोडं घालत पीठ भिजवा. सगळं दूध एकदम ओतू नका, कधी कमी लागतं, कधी चमचाभर जास्त. पुरीच्या कणकेएवढं घट्ट हवं. ओल्या फडक्याखाली अर्धा-पाऊण तास झाकून ठेवा. तेवढ्यात मुलांना काट्यांना तूप लावायला बसवा.

बोराएवढ्या गोळ्या, काट्याच्या पाठीवर दाबायच्या, गुंडाळायच्या. एकच गोष्ट तपासा. शेवटची कड नीट चिकटली आहे ना? नाहीतर तेलात कुलकुल उलगडतो. तेवढं दाबून घ्यायला मुलांनाच सांगा, तुम्ही दाबू नका.

तळणं मात्र तुमचं. पिठाचा छोटा तुकडा तेलात टाकला की तो सावकाश वर आला पाहिजे. टाकल्या टाकल्या उसळी मारून वर आला तर तेल फार तापलंय, बाहेरून लाल आणि आत कच्चे राहतील. मध्यम ते मंद आचेवर सोनेरी तळा आणि कागदावर निथळा.

बऱ्याच घरांत कुलकुल साखरेच्या पाकात घोळवतात. मुलांबरोबर करताना मी शॉर्टकट मारते. कोमट झालेले कुलकुल मोठ्या डब्यात घालायचे, वर दोन-तीन चमचे पिठीसाखर, झाकण घट्ट लावायचं आणि डबा मुलांच्या हातात द्यायचा. हलवा म्हणावं, पाहिजे तेवढा! पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरले की आठ-दहा दिवस सहज टिकतात. म्हणजे उरले तर.

पदार्थ तिसरा : बिनपाकाचे तिळाचे लाडू
(संक्रांतीचा हिरो)

तिळगूळ म्हटलं की आपल्याला पाकाचं टेन्शन येतं. पाक कच्चा राहिला तर वड्या पडत नाहीत, पुढे गेला तर दात पडतात! म्हणून आपण सरळ पाकिटं आणतो. पण पाक न करताही मस्त लाडू होतात. तिळाच्या वजनाचा साधारण निम्मा भाग तेलच असतो. कोमट असताना ते वाटले की हे तेल सुटतं आणि तेच गुळाबरोबर मिळून सगळं धरून ठेवतं.

साहित्य : तीळ २ वाट्या, भाजून सोललेल्या दाण्यांचं कूट १ वाटी, भाजलेलं सुकं खोबरं अर्धी वाटी, किसलेला मऊ गूळ दीड वाटी, वेलचीपूड अर्धा चमचा.

गूळ साधा घ्या. चिक्कीचा गूळ चिकट आणि कडक होणारा असतो, तो इथे नको. दुकानात एकदम पिवळाधमक गूळ दिसला की भुलू नका. रंग उजळ करायला त्यात रसायन वापरलेलं असू शकतं. थोडा काळपट तांबूस गूळ दिसायला साधा, पण चवीला झक्कास.

तीळ मंद आचेवर सतत हलवत भाजा. तडतडायला लागले आणि किंचित गुलाबी झाले की लगेच ताटात काढा, कढईत ठेवले तर खालचे करपतात. कोमट असतानाच मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा. सलग फिरवले तर सगळ्याची चटणी होते. वाटीभर तीळ अख्खे ठेवलेत तर खाताना मजा येते. आता कूट, खोबरं, वेलची आणि गूळ घालून पुन्हा दोन-तीनदाच फिरवा. परातीत काढून मुठीत दाबून बघा. गोळा होत असेल तर झालं! होत नसेल तर चमचाभर कोमट तूप.

इथून पुढे परात मुलांची. लहान लिंबाएवढे लाडू वळले तर पंचवीसच्या आसपास होतात. मुलांनी वळले तर किती होतील ते देवालाच ठाऊक. आमच्याकडे एक पेरूएवढा झाला होता.

काटेरी हलवा घरी करायचा विचार मनात येत असेल तर तेवढा सोडून द्या. मंद आचेवर तासन्‌तास थेंब थेंब पाक घालत तीळ हलवत राहायचं काम आहे ते. मुलांचा सोडा, आपलाही पेशन्स टिकत नाही. तो विकतच आणा!

कुणाला कुठलं काम?

तीन-चार वर्षांची पिल्लं : भुरभुरणं, घोळवणं, डबा हलवणं, भांड्यातून भांड्यात ओतणं. सांडणार, हे धरूनच चला. खाली जुना पेपर पसरा.

पाच ते सात : लाडू वळणं, कुलकुल गुंडाळणं, वाटीने मोजून घालणं. 'दीड वाटी म्हणजे किती?' हे गणिताच्या पुस्तकापेक्षा गुळात लवकर समजतं.

आठ ते दहा : कणीक भिजवणं, खोबरं किसणं (तुम्ही शेजारी उभे असताना), रेसिपी मोठ्याने वाचून बाकीच्यांना ऑर्डर सोडणं. हे शेवटचं काम त्यांना खूपच आवडतं.

त्याहून मोठी : त्यांना एक पदार्थ पूर्ण द्या आणि तुम्ही हाताखाली काम करा. हो, हाताखाली!

एवढं मात्र सांभाळाच

गॅस, तेल आणि पाक ही तीन कामं मोठ्यांचीच. उकळतं पाणी १०० अंशांवर असतं. चिक्कीचा पाक त्याहून कितीतरी जास्त तापतो आणि कातडीला चिकटून बसतो. म्हणूनच मुलांबरोबर करायला मी पाकाचा एकही पदार्थ सांगितलेला नाही. तळताना मुलं स्वयंपाकघराबाहेर, कढईचा दांडा आतल्या बाजूला.

चुकून भाजलंच तर लगेच नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. हळद, टूथपेस्ट, बर्फ यातलं काहीही लावू नका. फोड मोठा असेल किंवा चेहऱ्यावर भाजलं असेल तर सरळ डॉक्टर.

दुसऱ्याची मुलं येणार असतील तर त्यांच्या आईबाबांना आधी विचारा. दाणे, तीळ, काजू यांची ॲलर्जी काही मुलांना असते. 'थोडंसं खाल्लं तर काय होतंय' हा डायलॉग इथे चालत नाही. चार-पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे किंवा सुक्या मेव्याचे तुकडे देऊ नका, घशात अडकू शकतात. त्यांच्यासाठी सगळं कूट करूनच घाला.

आणि कच्चं पीठ कुणीही खायचं नाही. मुलांचे हात आधी साबणाने धुवा, नखं बघा. नखांची तपासणी आमच्याकडे लेक करते. गेल्या वेळी मीच नापास झाले!

संक्रांतीच्या आधीचा रविवार

आता आमच्या त्या गोल केलेल्या तारखेकडे. रविवार उजाडला आणि सकाळी नऊलाच माझा फोन वाजला. ऑफिस. सोमवारचा रिपोर्ट आजच हवा होता. लेक दारात उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती. तिने काही विचारलं नाही. बोटंही नाचवली नाहीत. नुसती बघत होती.

मी साहेबांना सांगितलं, "सर, दुपारी तीननंतर बसते. आत्ता जमणार नाही." पलीकडे दोन सेकंद शांतता. मग "ओके" आलं. खरं सांगू? मला वाटलं होतं आभाळ कोसळेल. काहीही कोसळलं नाही. रिपोर्ट संध्याकाळी सातला गेला. कुणी उघडला तो सोमवारी दुपारी.

दहा वाजता आम्ही परात घेऊन जमिनीवर बसलो. तीळ रात्रीच भाजून ठेवले होते, सकाळी कढईत जरा गरम करून घेतले. मिक्सरचं बटण मी दाबलं, 'थांब' आणि 'चालू' ती सांगत होती. मग तिने वळायला घेतलं. पहिला लाडू हातातच फुटला. माझे हात शिवशिवत होते. मी ते सरळ पाठीमागे धरून बसले. दुसरा जमला. तिसरा चौकोनी झाला. चौथ्याला तिने वरून बोटाने खड्डा पाडला. का, तर "आजीच्या गालाला पडतो ना, तसा."

एकूण सव्वीस झाले. त्यातले चौदा तिचे, सात बाबाचे, पाच माझे. माझे पाच एकसारखे गोल होते. तिने ते बघितले आणि म्हणाली, "छान आहेत. पण सगळे सेमच आहेत."

भोगीच्या संध्याकाळी आम्ही नाशिकला व्हिडिओ कॉल केला. खड्ड्याचा लाडू आजीला कॅमेऱ्यासमोर धरून दाखवला. आजी तो बघून नुसती हसत सुटली आणि तिच्या गालाला खरंच खड्डा पडला. तो लाडू आम्ही वेगळ्या डबीत ठेवला. पुढच्या आठवड्यात आजोबा मुंबईला आले, ते जाताना घेऊन गेले.

संक्रांतीला ताट घेऊन लेक एकटीच मजल्या-मजल्यावर गेली. मी जिन्यात थांबले. 'तिळगूळ घ्या, गोड बोला' हे दर दारातून ऐकू येत होतं. तिसऱ्या मजल्यावर तिने ताटातला सगळ्यात मोठा, पेरूएवढा लाडू उचलून आँटींच्या हातावर ठेवला.

आँटींनी तो उलटसुलट करून बघितला. "हा तू वळलास?"

"हो. वाकडा आहे."

"मग चांगलं," आँटी म्हणाल्या. "डिसेंबरात येशील ना? हात हवेत मला."

खाली आल्यावर लेकीने कॅलेंडर मागितलं. नवं वर्षाचं कॅलेंडर, डिसेंबरचं पान अगदी शेवटी. तिने ते उलटून काढलं, ख्रिसमसच्या आधीचा रविवार शोधला आणि स्केच पेनने भला मोठा गोल काढला. जरा वाकडाच.

मी हात लावला नाही.